नोकरीचे गाव

पोटासाठी परगावी जाऊन राहिलेल्या माणसाचे त्या गावाशी नाते कोणते? पाहुण्याचे, भाडेकरूचे, की घरच्या माणसाचे? प्रश्न तसा जुना आहे. पण आमच्या रत्नागिरीत तो दर जून महिन्यात नव्याने उभा राहतो. मृगाचा पाऊस लागतो, महाविद्यालये उघडतात, आणि घाटावरून, मराठवाड्यातून, खानदेशातून नेमणुकीचे पत्र घेऊन आलेली तरुण माणसे एस. टी. स्टँडावर नाही तर रेल्वे स्टेशनावर उतरतात. कोणी एकटा, कोणाबरोबर नवी नवरी, कोणाच्या कडेवर लहान मूल. त्यांतल्या काहींच्या गळ्यात तुळशीची माळ असते, म्हणून हा प्रश्न या पानांवर घेणे वावगे होणार नाही.

ज्या वाचकांनी रत्नागिरी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हा जिल्हा शंभर-दीडशे वर्षे आपली शिकलेली पोरे बाहेर पाठवीत आला आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर जगला. मॅट्रिकच्या पुढे शिकायचे तर मुंबई, पुणे, नाही तर घाट चढून कोल्हापूर-सांगली गाठावी लागे. १९४५ साली रत्नागिरीत महाविद्यालय निघाले, तेच आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय. १९७२ साली दापोलीस कृषी विद्यापीठ झाले. त्याचे मत्स्य महाविद्यालय शहराजवळ शिरगावास आहे. मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, कालिदास संस्कृत विद्यापीठाचे आहे, अभियांत्रिकीचे शिक्षण आहे, आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. म्हणजे प्रवाह उलटा फिरला. जिथून शिकलेला माणूस निघून जाई तिथे आता बाहेरचा शिकलेला माणूस येऊन बिऱ्हाड मांडू लागला. बाहेर गेलेल्यांचे दुःख काय असते हे कोकणाइतके कोणाला ठाऊक? मुंबईच्या चाळीत एका खोलीत दहा-दहा गाववाले राहिले, ते आमचेच आजे-पणजे. तेव्हा आलेल्याला समजून घेणे आम्हांस जड जाऊ नये. पण जाते, आणि त्याविषयी पुढे लिहायचे आहे.

घाटावरच्या माणसाला इथला पहिला पावसाळा शिक्षाच वाटतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस! मंगळवेढे-सांगोल्याकडे सबंध वर्षात पडतो तेवढा इथे कधी कधी आठ दिवसांत पडून मोकळा होतो. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते, मिठाला पाणी सुटते. आणि गंमत अशी की एवढे पडूनही मे महिन्यात विहिरी तळ दाखवितात, कारण जांभा दगड पाणी धरून ठेवीत नाही. कोकणात पावसाळ्याआधी आगोट भरण्याची चाल आहे. डाळी, कांदे, मसाला, लाकूडफाटा, चार महिन्यांची सारी बेगमी घरात येऊन पडते. नवा माणूस येतो तो नेमका ही आगोट संपल्यावर. शेजाऱ्याचे घर भरलेले, आणि याच्या खोलीत एक शेगडी, एक बादली आणि दोरीवर ओला टॉवेल. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्याच्या पानात भात येतो. माळकरी असेल तर खानावळीत पंचाईत. बंदरावरचे गाव, मासळीचा वास चुकवायचा कुठे? या गोष्टी लहान आहेत. पण माणूस मोठ्या दुःखाने खचत नाही एवढा या लहान गोष्टींनी खचतो, असे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

असाच एक तरुण प्राध्यापक एका एकादशीला कीर्तनानंतर आमच्याजवळ बोलत बसला होता. गाव मंगळवेढ्याकडचे, म्हणजे चोखोबांच्या आणि दामाजीपंतांच्या मुलुखातले. वडील वारकरी, दरसाल पायी वारी करणारे. थोडी कोरडवाहू जमीन. मुलगा पात्रता परीक्षा पास झाला, सहा-सात ठिकाणी मुलाखती दिल्या, शेवटी रत्नागिरीत लागला. तो म्हणाला, “बुवा, पुंडलिकानं आईबाप सोडले नाहीत. देव दारात आला तरी उठला नाही. मी मात्र म्हातारे आईबाप तिकडं ठेवून पगारासाठी तीनशे किलोमीटरवर येऊन बसलोय. मग या माळेला अर्थ काय? आणि दुसरं असं, इथं जीव लावायचा तरी कशाला? जागा निघाली की सोलापूरकडं सरकायचं हे नक्की. मुळं धरली की उपटताना दुखतं.”

हे दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतले आहेत. मागे जे सोडून आलो त्याचे काय, आणि पुढ्यात जे आले आहे त्याला किती द्यायचे. बहुतेक माणसे पहिल्या प्रश्नाचे दुःख दुसऱ्यावर काढतात. घर सुटल्याची बोच असते, म्हणून नव्या गावाला नावे ठेवतात. इथला पाऊस वाईट, इथली माणसे आतल्या गाठीची, इथली पोरे आळशी. शनिवारी दुपारची गाडी पकडायची, सोमवारी सकाळी उतरायचे, आणि मधले पाच दिवस कसे तरी ढकलायचे. अशी दहा-दहा वर्षे काढलेले लोक आहेत. ते ना गावाकडचे राहिले, ना इथले झाले. सगळा जन्म घाटातल्या वळणांवर गेला.

पुंडलिकाची कथा आपण इतकी ऐकली आहे की तिच्यातली एक गोष्ट नजरेआड होते. संप्रदायात सांगतात त्याप्रमाणे पुंडलिक आधी आईबापांचा सेवक नव्हता. तो काशीला निघाला होता, आणि वाटेत त्यांना शीण देत चालला होता. त्याचे डोळे उघडले ते कुक्कुट ऋषींच्या आश्रमात, मुक्कामाला. स्वतःच्या घरी नव्हे, काशीतही नव्हे. वाटेतल्या परक्या ठिकाणी, जिथे दुसऱ्या कोणाची तरी सेवा चाललेली त्याने पाहिली. तेव्हा परगाव म्हणजे धर्म सुटण्याची जागा असे काही ही कथा सांगत नाही. उलट, घरात असतानाच पुंडलिक आईबापांपासून दूर होता.

पण येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. या कथेचा सोयीचा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात. “विद्यार्थी हेच माझे आईबाप, वर्ग हीच माझी पंढरी,” असे एकदा म्हटले की सुटलो! टाळ्याही पडतात. आम्हांस हे पटत नाही. विद्यार्थी विद्यार्थी आहेत आणि आईबाप आईबाप आहेत. म्हाताऱ्या बापाच्या गुडघ्याला तेल लावायचे आहे ते इथल्या वर्गात रसायनशास्त्र चांगले शिकवून लागत नाही. एका कर्तव्याची पावती दुसऱ्या खात्यावर जमा होत नसते. मग त्या तरुणाने काय करावे? नोकरी सोडावी? त्याच्या पगारावर धाकट्या भावाचे शिक्षण आणि आईची औषधे चालली आहेत. आईबापांना इकडे आणावे? त्याने विचारून पाहिले. बाप म्हणतो, जमीन कोणाच्या जिवावर सोडू. आणि आईला दमा, तिला इथली ओल मानवणार नाही. म्हणजे ज्या बाजूने पाहावे त्या बाजूने काही तरी राहूनच जाणार.

आमचे मत असे की काही ऋणे पुरती फिटत नाहीत, आणि ती फिटली असे दाखविण्याची घाई करू नये. रोज रात्री फोन करणारा, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे धाडणारा, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी बापाच्या शेतात घालविणारा आणि तरीही “माझे देणे बाकी आहे” असे जाणणारा मुलगा आम्हांस पुंडलिकाच्या अधिक जवळचा वाटतो. कथेचा आधार घेऊन मोकळा झालेला मुलगा तितका जवळचा वाटत नाही. बोच राहिली तर राहू द्यावी. फक्त ती बोच समोरच्या पोरांवर काढू नये.

आता दुसरा प्रश्न: पुढ्यातल्या गावाला किती द्यायचे?

लोकमान्य टिळकांचे गाव कोणते म्हणून विचारले तर शाळकरी पोर सुद्धा रत्नागिरी असे उत्तर देते. १८५६ साली ते येथे जन्मले, टिळक आळीतले त्यांचे घर आज स्मारक आहे. पण टिळकांचे मूळ गाव दापोली तालुक्यातले चिखलगाव. रत्नागिरी हे त्यांच्या वडिलांच्या नोकरीचे गाव! गंगाधरपंत येथे शिक्षक होते. संस्कृतात आणि गणितात गती असलेला माणूस; त्रिकोणमितीवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले. १८६६ साली बढतीवर त्यांची बदली पुण्यास झाली, बिऱ्हाड हलले, आणि पुण्यास पोचल्यावर थोड्याच काळात टिळकांच्या मातोश्री वारल्या. बदलीची किंमत त्या घराने अशी मोजली. पण पाहा, एका शिक्षकाच्या दहा-बारा वर्षांच्या मुक्कामामुळे जगाने रत्नागिरीला टिळकांचे गाव म्हटले. गंगाधरपंतांच्या मनात काय होते ते आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. ते आपले काम करीत राहिले एवढे खरे.

दुसरे उदाहरण महर्षी कर्व्यांचे. तेही याच जिल्ह्यातले, मुरूडचे. १८९१ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. गावावर त्यांचा जीव होता. बाहेर राहणाऱ्या मुरूडकरांकडून पैसे गोळा करून गावाच्या कामाला लावण्यासाठी त्यांनी मुरूड फंड काढला होता. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला आणि त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आपले गाव म्हणजे आपलेच, असे धरून चालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पुढे कर्व्यांनी हिंगण्याला, तेव्हा उजाड माळ होता तिथे, झोपडी घातली. कॉलेजातले तास संपवून पावसाचिखलातून पायी तिकडे जायचे, जाताना सामान वाहून न्यायचे, हा कित्येक वर्षे क्रम होता. नोकरीचे गाव त्यांनी कामाचे गाव केले. मुरूडवरची माया आटली म्हणून नव्हे. माया दोन ठिकाणी राहू शकते, हात मात्र एका वेळी एकाच ठिकाणी चालतात.

संप्रदायाच्या जवळची नावे घ्यायची तर गुरुदेव रानडे आणि सोनोपंत दांडेकर. दोघेही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. रानडे जमखंडीचे, फर्ग्युसनमध्ये शिकवून पुढे अलाहाबादेस गेले, तेथे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले, आणि निवृत्तीनंतर निंबाळला येऊन राहिले. सोनोपंत पालघर तालुक्यातल्या माहीमचे. पुण्यास सर परशुरामभाऊ महाविद्यालयात शिकविले, प्राचार्य झाले, आणि वारी-कीर्तन अखेरपर्यंत चालू ठेवले. सकाळी वर्गात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान आणि संध्याकाळी हाती वीणा, यात त्यांना विसंगती दिसली नाही. नोकरी आणि भजन यांची भांडणे लावणाऱ्यांना मामांच्या दिनक्रमाकडे पाहून काही सुचावे.

आणखी जोडी आठवते ती खुद्द रत्नागिरीतलीच, पण ती माणसे नोकरीसाठी आलेली नव्हती. त्यांना सरकारने आणून ठेवले होते. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ साली येथे कैदी म्हणून आला. त्याच्यासाठी टेकडीवर वाडा बांधला, १९१० च्या सुमारास तो तेथे राहायला गेला आणि १९१६ साली वारला. तीस वर्षे समुद्राकडे पाहत काढली. त्याला दोष देण्याचा आमचा अधिकार नाही. राज्य गेलेल्या माणसाला तुम्ही रुळा म्हणून कोण सांगणार? पण त्याच घरातली थोरली राजकन्या इथेच राहिली आणि तिचा वंश इथल्या माणसांत मिसळून मराठी बोलू लागला. दुसरे सावरकर. १९२४ ते १९३७ इंग्रज सरकारने त्यांना या जिल्ह्याबाहेर जाण्याची बंदी केली होती. त्या कोंडलेल्या काळात त्यांनी येथे अस्पृश्यतेविरुद्ध काम केले आणि १९३१ साली भागोजीशेठ कीरांच्या द्रव्यातून सर्व जातींना खुले असे पतितपावन मंदिर उभे राहिले. त्यांची इतर मते ज्याला जशी वाटतील तशी वाटोत; नको असलेल्या मुक्कामाचे काय करता येते, एवढ्यापुरते हे उदाहरण घ्यावे.

गावाला जीव लावायचा म्हणजे नेमके काय करायचे? सभासंमेलनांत हार घेणे नव्हे. प्राध्यापकाच्या बाबतीत ही गोष्ट फार साधी आहे, आणि तिचा संबंध त्याच्या शिकविण्याशीच आहे. एप्रिल लागला की वर्गातली काही मुले गायब होतात. नवा माणूस चिडतो, हजेरीपटावर लाल रेघा ओढतो. त्याला ठाऊक नसते की आंब्याचा हंगाम आहे, घरात काढणी आणि पेट्या भरणे चालले आहे, आणि वर्षाचा पैसा या सहा-सात आठवड्यांत व्हायचा आहे. मासेमारीची बंदी जून-जुलैत असते. ती उठली की मिरकरवाड्याकडचा एखादा मुलगा पहाटे बंदरावर काम करून आठाच्या तासाला येतो आणि डुलक्या घेतो. त्याला उभे करून अपमान करणारा शिक्षक आणि त्याची वही तास संपल्यावर पाहणारा शिक्षक, दोघांना पगार एकच मिळतो.

अर्थशास्त्र शिकवायचे तर आमच्याकडे बागा कराराने घेण्या-देण्याचे व्यवहार आहेत, ते मुलांच्या घरांत रोज बोलले जातात. वनस्पतिशास्त्र शिकवायचे तर पावसाळ्यात सड्यावर फुलांचा गालिचा पसरतो, आणि जानेवारीत ढगाळ हवेने मोहोर काळा पडला की बागायतदाराचे तोंड उतरते. इतिहास शिकवायचा तर सड्यांवर कातळशिल्पे आहेत. उक्षी, देवाचे गोठणे, कशेळी, बारसू, किती नावे घ्यावीत! २०२२ साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्याआधी कित्येक पिढ्या गुराख्यांनी ती पाहिली होती आणि नकाशाबाहेर राहिली होती. ज्याला गाव माहीत नाही तो हे सारे बाजूला ठेवून छापील पुस्तक वाचून दाखवितो. तेव्हा गावाशी परके राहिल्याचा तोटा गावाला होतो त्याआधी वर्गाला होतो. “इथं जीव लावायचा कशाला” या प्रश्नाला आमचे पहिले उत्तर हे आहे. ते कोरडे आहे, भक्तीचे नाही. पण उपयोगी आहे.

भाषेचेही तसेच. नामदेवराय पंजाबात गेले, घुमानला राहिले. तिथल्या लोकांच्या बोलीत त्यांनी पदे केली. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत. आजही ते लोक त्यांना आपला म्हणतात. आमची संगमेश्वरी बोली ऐकून हसू येणाऱ्या घाटावरच्या मित्रांनी आणि त्यांची बोली ऐकून नाक मुरडणाऱ्या आमच्या मित्रांनी हे दोघांनीही आठवावे.

आता आमच्या गावाची बाजू. इथे आम्हांस थोडे कडू लिहावे लागणार आहे.

त्या तरुणाला खोली मिळायला महिना गेला. पाटी होती, खोली रिकामी होती, घरमालक गोड बोलत होते. चहा झाला. मग विचारले, “आडनाव काय म्हणालात?” आडनाव सांगितल्यावर दोन दिवसांनी निरोप आला की भाच्याला खोली हवी आहे. असे एकदा नव्हे, तीनदा झाले. त्यांतल्या एका घरमालकांच्या गळ्यात माळ होती. हे ऐकल्यावर आम्ही बराच वेळ गप्प बसलो. चोखोबांच्या गावचा मुलगा, आणि पंढरपुरात नामदेव पायरीसमोर चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवून येणारा घरमालक! वारीत एकमेकांच्या पाया पडणारे आम्ही, वारीहून परतल्यावर भाडेकरूचे आडनाव विचारतो. एकट्या राहणाऱ्या शिक्षिकेला तर आणखी वेगळे प्रश्न विचारले जातात. मग ती माणसे शनिवारची गाडी पकडतात याचे आश्चर्य ते काय? गावाने दार लावून घ्यायचे आणि वर म्हणायचे, बाहेरचे लोक इथे रमत नाहीत.

शेवटी त्याला खोली मिळाली ती एका म्हाताऱ्या विधवा बाईच्या घरी, पाखाडीच्या वरच्या अंगाला. तिने आडनाव विचारले नाही. “गॅस बंद करून जाशील ना रे बाबा,” एवढेच विचारले.

दुसरी गोष्ट तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची. महाराष्ट्रातल्या पुष्कळ महाविद्यालयांत आज शिकविण्याचा मोठा भाग ही माणसे ओढतात. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीचे काही नाही, पैसे हाती पडायला कधी महिने लागतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. पदवी तीच, परीक्षा तीच पास झालेले. अशा माणसाला “गावाला जीव लाव, मुलांना आपले मान” असा उपदेश करणे आम्हांस अप्रशस्त वाटते. ज्याला जूनमध्ये नोकरी आहे की नाही हे मेमध्ये ठाऊक नसते, त्याने आगोट कुठली भरावी? कर्तव्याची भाषा बरोबरीच्या देवघेवीत शोभते. एका बाजूने काहीच द्यायचे नाही आणि दुसऱ्या बाजूकडून सर्वस्व मागायचे, याला आमच्या कोशात वेगळा शब्द आहे. तरीसुद्धा यांच्यातले कित्येक जण स्वतःच्या खर्चाने मुलांना घेऊन सड्यावर जातात, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. ते त्यांचे औदार्य आहे. संस्थांनी त्याला त्यांचे कर्तव्य म्हणू नये.

नोकरदार माणसाचे ऋण पगार देणाऱ्याकडे की समोरच्या लोकांकडे, हा पेच दामाजीपंतांपुढेही होता. तेही नोकरदारच, बेदरच्या दरबाराचे. दुष्काळ पडला तेव्हा कोठारे दरबाराची होती आणि भुकेले लोक मंगळवेढ्याचे होते. त्यांनी कोठारे उघडली. पुढे विठू महार होऊन देवाने रक्कम भरल्याची कथा आपण सांगतो. पण कोठाराची कडी काढली त्या घटकेला पंतांना ती कथा ठाऊक नव्हती. तेव्हा समोर फक्त माणसे होती. त्या तरुणाला आम्ही हे सांगितले तेव्हा तो हसला. म्हणाला, “आमच्या गावचीच गोष्ट मला इथं येऊन ऐकावी लागली.”

राहता राहिली निघून जाण्याची गोष्ट. जागा निघाली तर त्याने सोलापूरकडे जावे की नाही? आम्ही म्हणतो, खुशाल जावे. आईबाप तिकडे आहेत, जाण्याचे कारण चोख आहे. माउलींची पालखी सासवडला, वाल्ह्याला, लोणंदला, फलटणला मुक्काम करते. गाव रात्र जागवून स्वयंपाक करते, आणि सकाळी तंबू उठतात. पालखीने फसविले असे वाल्हेकर कधी म्हणाले नाहीत. एका रात्रीचाच मुक्काम म्हणून कीर्तन अर्धे सोडलेले आम्ही ऐकले नाही. पण हा दाखला पुरता लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. पालखी पुढच्या वर्षी पुन्हा येते. पहिल्या वर्षाच्या मुलाला तिसऱ्या वर्षापर्यंत नेऊ म्हणून ज्याने सांगितले, तो मध्येच गेला तर त्या मुलाकडे परत येत नाही. म्हणून जायचे ते वर्ष पुरे करून जावे. सत्राच्या मध्यात, परीक्षा तोंडावर असताना, वह्या कपाटात तशाच ठेवून जाऊ नये. येणाऱ्या माणसाला कोणत्या मुलाला कुठे अडते हे लिहून द्यावे. आणि मुळे धरली तर उपटताना दुखेल, हे खरे आहे. दुखू द्यावे. भाताचे रोप तरव्यातून उपटून दुसरीकडे लावल्यावाचून दाणा धरत नाही, हे इथला कोणताही शेतकरी सांगेल. पण तरव्यात ते आधी नीट रुजलेले असावे लागते.

त्या तरुणाचे यंदा दुसरे वर्ष चालू आहे. आषाढीला महाविद्यालय चालू असते, रजा मिळत नाही. वडील वारीला चालत गेले आणि याने शहरातल्या विठ्ठल मंदिरात एकादशी केली. कार्तिकीला इथेही गर्दी असते, तेव्हा त्याने आईवडिलांना बोलावले होते. पावसाळा सरल्यावर आईचा दमाही बरा असतो. पण वडिलांनी होकार दिला नाही. रानात ज्वारीची कोळपणी चालू होती, आणि पंढरी सोडून कार्तिकीला दुसरीकडे कसे जायचे, असेही त्यांचे म्हणणे पडले. शेवटी असे ठरले की ज्वारीची काढणी उरकली की शिमग्याला दोघे येतील. शिमग्यात आमच्याकडे ग्रामदेवता पालखीत बसून दारोदार येते. शहरात बारा वाड्यांच्या भैरीची पालखी फिरते. देव आपण होऊन घरी येतो हे ऐकून म्हाताऱ्याला मोठे नवल वाटले म्हणे. पाखाडीवरच्या घरी पालखी कोणत्या दिवशी चढते, हे तो आता घरमालकीण बाईंना विचारून कळविणार आहे.